पाण्याखालची गाडीवाट

पारूला एके काळी पाण्याची भीती वाटायची, असं सांगितलं तर मुळशीच्या काठावर आज कुणी विश्वास ठेवणार नाही. लग्न होऊन ती पळसवाडीत आली तीच होडीतून, आणि पलीकडचा काठ लागेपर्यंत नवरीनं डोळे उघडले नव्हते. सासरची माणसं अजून त्यावर हसतात. त्याच पारूच्या हातात गेली बारा वर्षं वाडीच्या होडीचं वल्हं आहे. नवरा सुरज पिरंगुटच्या कारखान्यात, घरी येतो शनिवारी. आधी होडी वल्हवणारे चुलत सासरे बारकूतात्या, त्यांचे खांदे म्हातारपणानं गेले, घरात दुसरं कुणी रिकामं नव्हतं, म्हणून वल्हं सुनेकडे आलं. त्यात मानपान वगैरे काही नव्हतं.

पळसवाडी धरणाच्या पाण्यापलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. चाळीस उंबरे. होडीनं वीस मिनिटांत माणूस अलीकडच्या गावाला, डांबरी रस्त्याला लागतो. होडी नसली तर डोंगरातून अडीच तासांची तंगडतोड. दूध, शाळा, बाजार, दवाखाना, सगळं त्या एका होडीवर.

आणि ती होडी गेल्या वर्षी पारूच्याच हातून बंद पडली होती.

त्याचं असं झालं. वाघजाईचं जुनं देऊळ धरणात बुडालं तेव्हा देवी टेकडीवर आणून बसवली. तेव्हापासून माघी पौर्णिमेला देवी होडीत बसून आपलं जुनं घर बघायला जाते. पूर्वी देवीची एकटी होडी जायची. मग मागून दुसरी निघाली, दुसरीला बघून दहावी निघाली, झेंडूच्या माळा आल्या, कर्णे आले, पुण्याहून बघे आले, आणि त्याला होड्यांची मिरवणूक असं नाव पडलं. गेल्या वर्षी देवळाच्या जागेवर पोचताच पुढच्या होडीचा नावाडी वल्हं सोडून उठला आणि त्यानं हात जोडले. मागे पारू. तिनंही जोडले, वर डोळेही मिटले. होडीला कुठली आलीय भक्ती. ती आपली सरळ गेली आणि पुढचीवर आदळली. काय झालं ते बघायला सगळे एका बाजूला धावले, आणि पारूच्याच होडीत बसलेल्या, माणच्या भाड्याच्या फ्लॅटमधून जत्रा आणि मग वाडी बघायला आलेल्या नलिनीबाई पाण्यात पडल्या. पोरांनी उड्या टाकून काढलं. चार घोट पाणी पोटात गेलं आणि एक चप्पल गेली, एवढ्यावर निभावलं.

पण वाडीचं निभावलं नाही. होडीचा परवाना चार महिने बंद झाला. त्या चार महिन्यांत एका पहिलटकरणीला झोळीत घालून डोंगरातून न्यावं लागलं. झोळीचं एक टोक पारूच्या खांद्यावर होतं. बाई अर्ध्या वाटेत, करवंदीच्या जाळीआड बाळंत झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण पारू त्या दिवशी घरी येऊन चुलीपाशी बसली आणि तिला रडू आवरेना. वाडीत कुणी तिला एका शब्दानं बोललं नव्हतं. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

यंदा पौष संपता संपता ग्रामपंचायतीत बैठक बसली. परवाने देणाऱ्या कचेरीतून निरंजन नावाचे तरुण साहेब आले होते. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं, की वाडीच्या होडीला दिलेलं तात्पुरतं पत्र पौर्णिमेपर्यंतचं आहे. मिरवणूक बिनधोक पार पडली तर परवाना कायम होईल. एका होडीनं दुसरीला शिवलं जरी, तरी मिरवणूकही बंद आणि वाडीची होडीही बंद. जत्रा समितीचे अध्यक्ष दादासाहेब जोरात मान हलवत होते. त्यांच्या घरापुढून एसटी जाते, त्यांना मान हलवायला काय जातं?

बैठकीला आणखी दोघी आल्या होत्या. नलिनीबाई, आणि त्यांची सून मृण्मयी. मृण्मयी कंपनीत कामाला, घरची माणसं परभणीची. पारूला वाटलं, आता ही बया तक्रार करणार. पण मृण्मयीनं पिशवीतून लॅपटॉप काढला. सासू पडली तेव्हापासून तिनं या विषयाचा ध्यासच घेतला होता. अंगात घालायची जाकिटं कुठून आणायची, एका होडीत किती माणसं, सगळं तिनं काढलं होतं आणि तलावाच्या मधोमध एक सरळ निळी रेघही मारली होती. या रेघेवरून सगळ्यांनी जायचं.

पारूनं रेघ बघितली. बोलू की नको असं तिचं झालं. शेवटी राहवलं नाही.

"ही रेघ पाटलाच्या आमराईवरनं जाती, ताई. झाडं तोडली, पण बुंधे तसंच हायेत. माघात त्यांच्यावर गुडघाभरबी पाणी नसतं."

मृण्मयीनं विचारलं, तुम्हाला पाण्याखालचं कसं माहीत?

"उन्हाळ्यात पाणी हटलं की मी तितं काकडी लावते," पारू म्हणाली.

बैठक हसली, पण मृण्मयी हसली नाही. तिनं रेघ पुसली आणि लॅपटॉप पारूपुढे सरकवला. पारूनं त्या यंत्राला बोट लावलं नाही, पण तोंडानं सगळी वाट सांगितली. गावातून देवळाकडे जाणारी जुनी गाडीवाट अजून पाण्याखाली आहे. तिच्यावर ना झाड, ना बांध. दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढी रुंद. जायचं त्या वाटेनं, देवळापाशी डावीकडे वळायचं आणि यायचं ओढ्याच्या पात्रातून. म्हणजे जाणारी आणि येणारी होडी समोरासमोर येणारच नाही. वाटेच्या कडेनं लाल फडकं बांधलेले बांबू रोवायचे. पुढची होडी पुढचा बांबू ओलांडत नाही तोवर मागचीनं आपल्या बांबूला धरून थांबायचं. निरंजन साहेब लिहून घेत होते. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, की देवळाच्या वळणावर निशाण घेऊन कोण उभं राहणार? सगळे पारूकडे बघायला लागले.

राहिला प्रश्न हात जोडण्याचा. दादासाहेबांनी तोडगा काढला, कर्ण्यावरून सांगू, नावाड्यांनी नमस्कार करायचा नाही. नावाड्यांत कुजबुज सुरू झाली. बारकूतात्या कोपऱ्यातून म्हणाले, "हात काय आपण जोडतो व्हय? ते आपसूक जुळत्यात."

तात्यांचं खोटं नव्हतं, हे पारूइतकं कुणाला माहीत असणार. ती दोन दिवस त्यावर विचार करत राहिली. मग पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिनं मिरवणुकीतल्या अठराही होड्यांच्या नावाड्यांना निरोप धाडला, की नारळ घेऊन या. सहा-सहा जणांना तिनं आपल्या होडीत घेतलं, तीन खेपा केल्या, आणि प्रत्येक खेपेला देवळाच्या जागेवर होडी धरून ठेवली. वल्हं तिच्या हातात, बाकीच्यांचे हात मोकळे. डोळे मिटा, नवस बोला, काय करायचं ते करा, घाई नाही. काठावरच्या रिसॉर्टच्या मोटारबोटीवरचा शैलेश वऱ्हाडातला, त्याला वाघजाई कोण हेही ठाऊक नव्हतं. सगळ्यांत जास्त वेळ तोच हात जोडून बसला. काय मागितलं ते त्यानं सांगितलं नाही. परत येताना पारू प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होती, नमस्कार आज पोचला, उद्या हात कामाला. त्यावर कुणी हुज्जत घातली नाही.

पौर्णिमेला दुपारी तीनला मिरवणूक निघाली. पुढे देवीची होडी, तिच्यात दादासाहेब, गुरव आणि टाळवाले. मागे एकेका बांबूला एकेक होडी. वळणावर पारू आपल्या होडीत उभी, एका हातात लाल निशाण, एका हातात हिरवं. दोराला बांधलेले दोन दगड पाण्यात सोडून तिची होडी तात्यांनी जागच्या जागी बांधली होती आणि ते स्वतः टोकाला बसले होते. काठावर ही गर्दी. निरंजन साहेब धक्क्यावर, मृण्मयी त्यांच्या शेजारी दुर्बीण लावून.

ठरलं होतं असं, की देवीच्या होडीनं वळणावर एक आरती करायची, नारळ सोडायचा आणि पुढे व्हायचं. एक आरती झाली. मग दादासाहेबांना वाटलं, एवढी माणसं बघतायत, आणखी एक होऊ दे. दुसरी झाली. टाळवाल्यांना रंग चढला, त्यांनी तिसरी धरली. आपल्याकडे आरती सुरू करायला माणूस लागतो, थांबवायला कुणी धजत नाही.

चारच्या सुमाराला घाटाकडून वारा सुटला. पारूनं मागे बघितलं. बांबूला धरलेल्या होड्या वाऱ्यानं आडव्या होत होत्या. पाचव्या बांबूपाशी मोटारबोट सरकत आमराईच्या अंगाला चालली होती, आणि शैलेश दोन्ही हातांनी बांबूला लोंबकळल्यासारखा उभा होता. तिच्यात बावीस माणसं. पारूनं देवीच्या होडीला हिरवं निशाण दाखवलं. दादासाहेबांनी हातानंच खुणावलं, थांब जरा. तिनं पुन्हा दाखवलं. टाळवाल्यांनी चौथी आरती धरली.

ओरडून गप्प बसवावं तर देवीची आरती. गप्प बसावं तर आणखी पाच मिनिटांत बोट बुंध्यावर. झोळीतल्या बाईचं कण्हणं तिच्या कानांत आलं. आणि मग तिनं जे केलं ते पळसवाडीच्या कुठल्या बाईनं आजवर केलं नव्हतं. आरतीच्या शेवटी देवीचा जयजयकार होतो. तो एकदा झाला की आरती संपली, मग ती कुणाला पुढे नेता येत नाही. तो द्यायचा मान अध्यक्षांचा. पारूनं छातीत हवा भरली आणि पाण्यावर रोज पलीकडच्या माणसाला हाळी घालणाऱ्या गळ्यानं पुकारलं,

"वाघजाईच्या नावानं..."

"चांगभलं," असं अठराही होड्यांतून आलं. काठावरूनही आलं. टाळवाल्यांच्या तोंडूनही आलं, कारण जयजयकाराला गप्प कोण बसेल? आरती तिथंच सुटली. दादासाहेब तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"दादासाहेब, बसा खाली," पारू म्हणाली, "देवीला घाई न्हाई. मागच्यास्नी हाय."

ते बसले. देवीची होडी डावीकडे वळून ओढ्याच्या वाटेला लागली. पारूनं लगेच दुसरीला हिरवं दाखवलं, मग तिसरीला. वळणावरून जाताना एकाही नावाड्याचा हात वल्ह्यावरून सुटला नाही. माणसं मात्र सगळी हात जोडत होती, बसल्या जागी. मोटारबोट बुंध्यांपासून दोन हातांवरून सुटून वाटेवर आली. शैलेश घामानं निथळत होता; जाता जाता त्यानं पारूकडे बघून नुसती मान झुकवली. अठरावी होडी गेली तेव्हा पारूनं दोन्ही निशाणं खाली टाकली. बोटं इतकी आखडली होती की उघडेनात. तात्यांनी ती आपल्या हातात घेऊन चोळली.

"तुजा नमस्कार ऱ्हायला की," ते म्हणाले.

"हात कुटं मोकळे व्हते, तात्या?"

तात्यांनी दगड वर ओढले आणि सुनेला बसवून, दुखऱ्या खांद्यानं, स्वतः होडी काठाला आणली.

काठावर दादासाहेब आधीच पोचून निरंजन साहेबांना समजावत होते, की जयजयकार कधी द्यायचा ते आमचं पूर्वीच ठरलं होतं. साहेबांनी पारूकडे बघितलं. पारू म्हणाली, व्हय, ठरलं व्हतं. साहेब हसले, पण हसू त्यांनी कागदात लपवलं. परवाना कायम झाल्याचं पत्र त्यांनी तिथंच सही करून दिलं. पारूनं ते दोनदा वाचलं, तात्यांना वाचून दाखवलं, आणि मग ती धक्क्याच्या पायरीवर बसली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही.

उन्हं कलायला लागली होती. वाडीची माणसं जत्रेतून परतून होडीत बसू लागली. त्यांच्यात एक वाडीबाहेरचं पाऊल पडलं. नलिनीबाई जाकीट घालून, पदर खोचून होडीत उतरत होत्या, आणि मृण्मयी काठावरून त्यांचा दंड धरून नको-नको म्हणत होती. पारू धावत आली. पाण्यावर वारा आहे, घरी जा, पुन्हा कधी या, असं तिनं परोपरीनं सांगून बघितलं. नलिनीबाईंनी जन्मभर शाळेत शिकवलेलं. त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सुनेचा हात सोडवला आणि मधल्या फळीवर नीट बसून घेतलं.

"गेल्या वर्षी मी अर्ध्या वाटेत उतरले," त्या म्हणाल्या. "तुझी वाडी बघायची राहिलीय."