रोल-प्लेमधली आई

या सदरातले गूढ अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि बहुतेकांचं उत्तर मनातल्या मनात देऊन पान उलटते. वारा असेल, ताप असेल, नाहीतर सांगणाऱ्याला गोष्ट फुगवायची हौस असेल. माझा स्वभावच तसा आहे. त्यामुळे स्वतःच लिहायला बसणं मला अवघड जातंय… पण याचं उत्तर मला देता आलेलं नाही.

मी लोणखेड्याला राहते. समाजकार्य शिकणाऱ्या मुला-मुलींना आठवड्यातून दोन दिवस गावांत, पाड्यांवर पाठवतात. त्यांना तिथं काय जमतंय, काय जमत नाही ते बघायचं, चुकलं तर सावरायचं, हे माझं काम. बरीच वर्षं करतेय.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे दोघी होत्या. एस्तेर नवापूरकडची, घरी तिकडची आदिवासी कोकणी बोलणारी, अभ्यासात पक्की पण आवाज खालचा. सविता धडगावकडची, पावरा आदिवासी, तोंडाने फटकळ. दोघींना सातपुड्यातला एक पाडा दिला होता. सविता तिथली भाषा बोलायची, एस्तेर घरभेटीचं काम बघायची.

तिथं एका घरी वर्षाच्या आतलं बाळ होतं, फार अशक्त. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायला हवं होतं. आईचं म्हणणं एकच — नवरा गुजरातला मजुरीला गेलाय, केंद्रात राहायचं तर शेळ्या आणि मोठी दोन पोरं कोणावर सोडू? दोघी जाऊन हात हलवत परत आल्या. एस्तेरने ते मनाला लावून घेतलं. मला म्हणाली, "मॅडम, हे बाळ वाचलं नाही तर मी हे शिक्षण सोडणार."

असल्या वेळी मी रोल-प्ले घेते. मी आई होते, विद्यार्थिनी मला समजावते. मी अडवते, उलट बोलते, जमेल तेवढा त्रास देते. पण माझा एक नियम आहे — शेवटी आई 'हो' म्हणते. 'हो' ऐकून गेलेली मुलगी दारात ताठ उभी राहते. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पुढच्या भेटीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही तिघी ऑफिसच्या खोलीत बसलो. खिडकीबाहेर पपईचा मळा, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. मी खुर्ची सोडून फरशीवर बसले तशी सविता म्हणाली, "मॅडमसारखी आई पाड्यात असती तर पोरं भीतीनेच धष्टपुष्ट झाली असती." हसलो आणि सुरू केलं.

एस्तेर चांगली बोलत होती. शेळ्या शेजारी बघतील, मोठी पोरं आजीकडे राहतील, सविता स्वतः केंद्रात सोबत येईल… सगळं नीट जुळवून आणलं होतं तिने. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द निघाला नाही. त्याऐवजी निघालं ते असं — "आता कुठे नेऊ? काल दुपारी बाळाची झोळी सोडली मी."

हे मी ठरवलं नव्हतं. झोळीचा विषयसुद्धा निघाला नव्हता.

एस्तेरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. विद्यार्थ्यांना मी कधी जवळ घेत नाही, ती माझी पद्धत नाही. पण माझा हात कमरेशी गेला… पदर शोधायला. मी पंजाबी ड्रेसमध्ये होते. पदर नव्हता, म्हणून मी तळहाताने तिचं तोंड पुसलं.

सविता हळूच म्हणाली, "मॅडम, बस करा."

एस्तेर उठली आणि म्हणाली, आजच जायचं. मी वाद घातला नाही. बाळ बघितलं की हिच्या डोक्यातली भीती जाईल, एवढाच माझा हिशोब होता. जीपवाला रमेशदादा गाडी काढता काढता म्हणाला, "ताई, आज तं तुमना वार नही शे." मी म्हटलं, आजच जायचंय.

दुपार कलताना पाड्यावर पोचलो. आई अंगणात बसून होती. घराचं दार उघडंच होतं. आत आढ्याला झोळीची दोरी नव्हती. झोळीचं लुगडं धुऊन कुडावर वाळत घातलं होतं.

सविताने विचारलं. आई बराच वेळ बोलली, आवाज न चढवता. सविता माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "बाळ काल दुपारी गेलं. ती म्हणते, हे हिला सांगितलंय मी." तिने एस्तेरकडे बोट केलं. "म्हणते, ही सकाळी आली होती, एकटीच. रडायला लागली म्हणून पदराने तोंड पुसलं हिचं. आता पुन्हा कशाला विचारता?"

मी सविताला म्हटलं, नीट विचार, गेल्या आठवड्याची भेट म्हणत असेल. पण त्या भेटीला दोघी बरोबर होत्या आणि रडलं कोणीच नव्हतं. सविताने पुन्हा विचारलं. आईने पुन्हा तेच सांगितलं — आज सकाळी. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, ही बाई कोण? तिने मला त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

एस्तेर तिच्याशेजारी जमिनीवर बसली. आईने पदराचं टोक हातात घेतलं आणि तिचं तोंड पुसलं. सवयीचं असल्यासारखं.

परतताना गाडीत मी विचार करत बसले. दुःखात माणसाला भास होतो, हे मी स्वतःला सांगून पाहिलं. आईच्या बाबतीत ते चालेल. पण झोळीचं वाक्य तर माझ्या तोंडून गेलं होतं, पंख्याखाली, लोणखेड्यात. पाड्यावर मोबाईलला रेंज नाही आणि तिथून खाली कोणी आलेलं नव्हतं. हे मी नंतर ज्याला-त्याला विचारून घेतलं.

त्याच आठवड्यात एस्तेर अभ्यासक्रमातून नाव काढून घ्यायला आली. मी तिला समजावलं, शिकवते तसंच, एकेक मुद्दा घेऊन. तुझ्याकडून काही चुकलं नाही. तू बोलायला बसलीस तेव्हा बाळ आधीच गेलेलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. दाराशी जाऊन थांबली.

"मॅडम, रोल-प्लेमध्ये तरी 'हो' म्हणायचं होतं तुम्ही."

"एस्तेर, त्याने काय फरक पडला असता? बाळ आदल्या दिवशीच गेलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तरी."

ती नवापूरला परत गेली. सविता पास झाली, नोकरीला लागली. मी अजून नव्या मुलींना घेऊन फरशीवर बसते, अडवते, उलट बोलते आणि शेवटी 'हो' म्हणते. दर वेळी 'हो' सहज येतो. त्या सकाळी का आला नाही, ते मला अजून कळलेलं नाही. आणि एस्तेरच्या त्या 'तरी'ला काय उत्तर द्यायचं, तेही नाही.