ओठ मिटा, दात सोडा

सुंद्रानं ऊस सोलायला कधी विळा घेतला नाही. कांडं सरळ दाढेत धरायची, मानेला एक झटका द्यायची, की साल टरकन निघून खाली. लग्न होऊन मानवतला आमच्या घरी आली आणि पहिल्याच संक्रांतीला तिनं हा प्रकार सगळ्यांसमोर केला. नवी नवरी, डोक्यावर पदर आणि दातांत ऊस. मला वाटलं, सासूबाई आता हिची चांगली खरडपट्टी काढणार. सासूबाई हसल्या. माझ्याकडे बघून त्या तशा कधी हसल्या नव्हत्या. सुंद्रा माझ्या मनातून उतरली ती तेव्हाच.

ती माझी धाकटी जाऊ. नाव सुंद्रा, पण रंग सावळा, नाक बसकं. मी पुन्हा पुन्हा निरखून बघितलं, पण लोक हिच्याकडे कशाला वळून बघतात ते काही मला कळलं नाही. दात मात्र होते. हसली की थेट दाढांपर्यंत दिसायचे. आमच्या घरात बायकांनी असं हसायची रीत नव्हती, ती हिनं पाडली. कापसाच्या दुकानातून जेवायला आलेले माझे मालकसुद्धा ताटावर बसल्या बसल्या विचारायचे, "आज सुंद्रा कशाला हसायलीय?" मी समोर भाकरी वाढत उभी असायचे. मी का हसत नाही, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

माझ्याकडे एकच गोष्ट होती, ती म्हणजे पोथी. निजामाच्या सरकारी शाळांत सगळं उर्दू चालायचं तेव्हा माझ्या वडिलांनी मला घरी बसवून मराठी वाचायला शिकवलं होतं. श्रावणातल्या सोमवारी मठात बायकांना पोथी मी वाचून दाखवायचे. मी पाटावर आणि सासूबाई खाली सतरंजीवर. वर्षभर ज्या बाईपुढे मी मान वर केली नाही, ती श्रावणात माझ्या तोंडाकडे बघत बसायची. त्या पाटासाठी मी बाकीचं सगळं सोसलं असतं. आणि मग कळलं की सुंद्रालाही वाचता येतं. तिचे वडील पूर्णेला रेल्वेत होते, तिथल्या वस्तीत ती मराठीही शिकली आणि हिंदुस्थानीही. वर तिचा गळा गोड. एवढं सगळं एकाच बाईला द्यायची देवाला काय गरज होती?

त्याच सुमाराला माझा जबडा दुखायला लागला. कानाच्या पुढं एक कळ उठायची आणि गालातून कानशिलापर्यंत चढायची. आठ-पंधरा दिवस बरं असायचं, की पुन्हा तेच. घास घ्यायला तोंड उघडलं की कानाजवळ कट् वाजायचं. सासूबाईंनी कानात तेल घातलं, दाढेत लवंग धरायला लावली. शेवटी आठवडी बाजारात दात काढणारा बसायचा, त्याच्याकडून मी दाढ उपटून घेतली. दाढ हातात आली ती चांगली धडधाकट, कुठं कीड नाही की काही नाही. कळ होती तिथंच राहिली. भाकरी चावेना, मोठ्यानं वाचायला घेतलं तर दोन पानांत गाल भरून यायचा. आषाढ लागला तसं सासूबाई म्हणाल्या, "राहू दे तू. यंदा सुंद्रा वाचंल."

त्याच आठवड्यात आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो. सुंद्रा माझ्याकडे बघत होती.

"आक्का, तुमी काय खायलाव?"

"काय न्हाई."

"मग जबडा कशाला हालायलाय?"

मी चोरून काही खाते असं हिला म्हणायचं आहे, या विचारानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ आ करून दाखवला. तोंड रिकामं होतं. तिनं आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "दात खायलाव तुमी. दुसरं काय."

तिनं ते माझ्या मालकांच्या कानावर घातलं आणि परभणीच्या दवाखान्यात जायचं ठरलं. हैदराबादहून आलेली डॉक्टरीण होती, तिला मराठी येत नव्हतं. म्हणून सोबत कोण? सुंद्रा. मानवत रोडच्या स्टेशनावर डब्यात चढली तीही माहेरच्या ओसरीवर चढल्यासारखी.

डॉक्टरणीनं माझ्या कानांपुढं दोन्हीकडे बोटं ठेवली आणि तोंड उघड-मीट करायला सांगितलं. सुंद्रा तिचं बोलणं मराठीत करून सांगत होती. दाढेचा काही दोष नव्हता. कानापुढचा सांधा आणि गालाचा स्नायू, दोन्ही दमून गेले होते. दिवसभर मूठ आवळून धरली तर हात दुखेल की नाही, तसंच हे. मग डॉक्टरणीनं विचारलं, "दाँत पीसती हैं क्या?"

मी मान हलवून नाही म्हटलं. सुंद्रा म्हणाली, "जी हाँ, पीसती हैं."

घरात कसली काळजी आहे का, असंही डॉक्टरणीनं विचारलं. मी भिंतीकडे बघायला लागले. सुंद्रा तिच्याशी हिंदुस्थानीत बराच वेळ काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. परतीच्या गाडीत मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, पण काय सांगितलंस म्हणून विचारलं नाही. तेवढा ताठा माझ्यात होता.

डॉक्टरणीनं सांगितलेलं सगळं सुंद्रानं घरात कायद्यासारखं लागू केलं. गालाला गरम पाण्यात पिळलेला फडका, जेवायला मऊ कण्या नाहीतर दुधात कुस्करलेली भाकरी, सुपारी बंद, जांभई आली तर हनुवटीखाली मूठ. जेवण सोडून एरवी दातावर दात टेकवायचा नाही. त्यासाठी तिचं पालुपद असायचं, "ओठ मिटा, दात सोडा." चुलीपुढं, विहिरीवर, पाहुण्यांसमोर, कुठंही. मी चिडले की पुन्हा तेच, कारण चिडले की दात आवळलेच जायचे. गल्लीतल्या पोरीसुद्धा मला बघून ते म्हणायला लागल्या. राग येत होता, पण गाल हलका होत चालला होता, हे मी कोणाला सांगितलं नाही.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सुंद्रा वाचणार हे ठरलेलंच होतं. त्या दिवशी मी चिंच आणायला कोठीत गेले तर कणगीआड ही बसलेली, मांडीत चिंचेची बरणी. मूठ मूठ चिंच तोंडात कोंबत होती आणि आंबट लागून डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला बघून तोंडावर बोट ठेवलं. मठात जायच्या वेळेपर्यंत तिचा घसा पार बसला होता. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि पोथी माझ्या हातात दिली.

मी वाचली, पूर्ण अध्याय. मधे गाल भरून आला तेव्हा समोर बसलेल्या सुंद्राचे ओठ नुसते हलले. मी दात सोडले आणि पुढं वाचत गेले. संपल्यावर बायका पाया पडायला आल्या आणि म्हणाल्या, धाकटीनं थोरलीचा जबडा काय छान बरा केला. म्हणजे पाट माझा, वाचन माझं आणि कौतुक तिचं. मोठेपणासुद्धा तिनंच घ्यायचा. मी घरी येऊन तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. कळ पुन्हा उठली, आणि पुन्हा फडका घेऊन तीच आली.

अशी आमची बरीच वर्षं गेली. निजामाच्या राज्याच्या अखेरीला गावोगाव भीती पसरली, तेव्हा दिरांनी बायकोपोरांना घेऊन वऱ्हाडात वाशीमकडे जायचं ठरवलं. आम्ही दुकानासाठी मागं राहिलो. गाडी जुंपून दारात उभी होती. ही आता नवं गाव बघणार, या विचारानं मी तेव्हाही जळत होते. न राहवून मी विचारलंच, "त्या दिशी डॉक्टरणीला काय सांगितलंस गं?"

"म्हनले, फिकीर माझीच हाय त्यान्ला. माझ्यावर लय जीव हाय आक्काचा, पन उलटा."

आणि हसली, दाढांपर्यंत. मग माझी हनुवटी धरून म्हणाली, "मी नसल्यावर कोन सांगल तुमाला? ध्यानात ठिवा."

माझे दात घट्ट आवळलेले होते.

राज्य बदललं. गेलेली माणसं हळूहळू परत आली, आमचे दीर आले, पोरं आली. सुंद्रा तिकडंच हिवतापानं गेली होती. रडतानाही मला वाटून गेलं की सासूबाई गेल्या तेव्हाही एवढी माणसं रडली नव्हती.

त्यानंतर माझा जबडा कधी दुखला नाही. मी आता भाकरी खाते, फुटाणे खाते. श्रावणात पाटावर मीच असते आणि दुसरं कोणी वाचणारं नाही. कधी कधी दुपारी तूर निवडताना मी मुद्दाम दातावर दात घट्ट आवळून बघते. काही दुखत नाही.