धोतराची बाळुती

बनुबाईच्या पायांवर गावातली निम्मी पोरं न्हाली आहेत, असं म्हटलं तर गावात कोणी हरकत घेणार नाही. शेवगावच्या दवाखान्यातून बाळंतीण घरी आली रे आली, की बनुबाईला निरोप जायचा. ती यायची, पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून पाय लांब करायची आणि वीतभर जीव त्या पायांवर पालथा घालायची. जीव आधी घर डोक्यावर घ्यायचा आणि मग गरम पाण्याच्या धारेखाली हळूच डोळे मिटायचा. त्याची आई दारात उभी राहून बघत राहायची. बनुबाईचा हात लागला म्हणजे पोर बाळसं धरणार, हे बायकांनी ठरवूनच टाकलं होतं. तिनंही कधी नाही म्हटलं नाही. म्हणेल कशाला? आयुष्यभर शेणघाण आणि खुरपणी केलेल्या बाईला आपल्या हातांचं कौतुक एवढ्या एकाच कामात ऐकायला मिळत होतं.

पण तिच्या स्वतःच्या घरात तिचा हा मान चालला नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीनं सून मोनिका माहेरी गेली आणि नातू ओम चांगला अंग धरल्यावर घरी आला, तो डायपर घालूनच. बनुबाई फुगलेल्या त्या पांढऱ्या गाठोड्याकडं बघायची आणि गप्प बसायची. म्हणजे गप्प बसायची असं तिचं म्हणणं. प्रत्यक्षात दिवसातून दोनदा तरी "लेकराला कोंडून ठिवलंय" हे सगळ्या घराला ऐकू जायचं. पुढं ओमच्या जांघा सोलवटल्या, रात्रंदिवस रडून त्यानं उच्छाद मांडला, तेव्हा मात्र ती काही बोलली नाही. आपलं खरं ठरलं याचा आनंद लेकराच्या अंगावर बघायची तिला लाज वाटली.

म्हणून दुसऱ्या वेळी, मुलगी झाल्यावर, मोनिका आपण होऊन तिच्यापुढं येऊन बसली.

"आत्या, हिला डायपर न्हाई लावायचं. मोबाईलवर बघून ते बटनाचं कापडी मागवलं हुतं, पन या दिवसात ते वाळतच न्हाई. तुमी करून द्या ना बाळुती."

बनुबाईला आपण किती खूश झालो ते दाखवायचं नव्हतं. "बघू," म्हणाली आणि उठली. पण त्याच दुपारी तिनं पेटी उघडून नवऱ्याची धोतरं काढली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाळाचं पहिलं कापड आजोबाच्या धोतराचं असावं, अंगाला मऊ लागतं आणि आजोबाचं आयुष्य लाभतं, असं तिची सासू म्हणायची. लाल काठाचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं ते धोतर फाडताना ती थोडी रडली. मग काठ मुद्दाम ठेवून तिनं बाळुत्यांना टीप घातली.

त्यानंतरचे दिवस बनुबाईच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. नातीला, शिवन्याला, न्हाऊ घालावं, बाळुती उकळत्या पाण्यातून काढून अंगणातल्या तारेवर टाकावी, दिवेलागणीच्या आत आठवणीनं घरात आणावी. बाळाचं कापड अंधारात बाहेर राहू द्यायचं नाही, वाऱ्यावरचं काहीबाही चिकटतं, यावर ती ठाम होती. घरात आणली की शेगडीवर टोपली पालथी घालायची, तिच्यावर बाळुती पसरायची आणि निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा न् ऊद टाकायचा. धुरी दिलेलं ते कोमट कापड मोनिका नाकाशी धरायची आणि म्हणायची, "आत्या, हा वास लई आवडतो मला." हे वाक्य बनुबाईनं शेजारच्या रामहरीच्या घरी जाऊन दोनदा सांगितलं. रामहरीची सून निकिता पोटुशी होती. "माझं बी तुमीच बघायचं बरं," असं तिनं तेव्हाच सांगून ठेवलं.

कपाशीवर फवारणी चालू होती. घरामागंच वावर. त्या दिवशी बनुबाईचा मुलगा कानिफनाथ दुपारून फवारा घेऊन वावरात शिरला आणि दिवस मावळायला परतला. आभाळ भरून आलं होतं, अंधार लवकर पडत होता. बनुबाईला गोठ्यात उशीर झाला. घरात दिवा लागलेला पाहून ती लगबगीनं तारेकडं धावली आणि हाताला येतील तशी बाळुती ओढून घरात आणली. घड्या घालताना एका बाळुत्याची दोन टोकं गाठ मारून सोडल्यासारखी चुरगळलेली दिसली. तिनं तळहातानं ती सरळ केली, टोपलीवर पसरली आणि निखाऱ्यावर ओवा टाकला. खोली धुरानं भरून गेली.

सकाळी न्हाणं झालं, मोनिकानं शिवन्याला बाळुतं गुंडाळलं, झोळीत घातलं. दुपारच्या आत पोरीच्या तोंडातून लाळेची तार लागली. अंग घामानं चिंब. छातीत घरघर. मोनिकानं दूध लावलं तर पोरगी ओढेचना, मान टाकून नुसती पडून राहिली. मोनिकानं हाक मारली ती साऱ्या आळीला ऐकू गेली.

शेवगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाच्या डोळ्यांवर उजेड टाकला आणि त्यांचा चेहराच बदलला. "घरात काही विषारी आहे का? उंदराचं, ढेकणाचं, फवारणीचं?"

"फवारनी काल केली," कानिफनाथ म्हणाला, "पन ती वावरात. बाळ तर घरातच हुतं." हे बोलताना तो फरशीकडं बघत होता.

बनुबाई कोपऱ्यात पिशवी घेऊन उभी होती. नर्सनं बाळाच्या अंगावरचं सोडलेलं बाळुतं तिच्या हातात दिलं होतं. तिनं ते नाकाशी धरलं. ओवा, ऊद, मुताचा वास. आणि त्या सगळ्याच्या खाली, उग्र, घशात बसणारा, कपाशीच्या वावरातला वास. कालची ती चुरगळलेली टोकं तिच्या डोळ्यांपुढं आली. फवारताना माणूस नाकातोंडाला फडकं बांधतो, मागं गाठ मारतो. वावरातून येऊन तो ते सोडतो आणि जिथून ओढलं तिथंच, तारेवर, टाकतो. तिनं मान वर करून मुलाकडं पाहिलं. त्यानंही तिच्याकडं पाहिलं. बस, तेवढंच.

मोनिका बाळाचा पाय धरून उभी होती. हे जर तिला कळलं, तर आयुष्यभर ती या माणसाच्या ताटात वाढणार नाही, हे बनुबाईला लख्ख दिसलं.

"डाक्टर," ती म्हणाली, "चूक माझी हाय. फवाऱ्याचं तोंड गळत हुतं, ते मी या फडक्यानं पुसलं आन् चुकून बाळाच्या कापडात टाकलं. यालाच वास हाय बघा."

डॉक्टरांनी बाळुतं लांब धरून हुंगलं. "कोणतं औषध? बाटली कुठंय?"

कानिफनाथ बाहेर पळाला. रामहरीला फोन लावून त्यानं घरच्या बाटलीचा फोटो मोबाईलवर मागवला. डॉक्टरांनी बाळाला आधी धुऊन काढायला सांगितलं, इंजेक्शनं चालू केली आणि सोबत माणूस देऊन बाळाला नगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. गाडी निघाली तेव्हा मोनिकानं सासूला आत चढू दिलं नाही. "तुमी घरी जा, ओमला बघा," एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बनुबाईला बरं वाटलं असतं.

शिवन्या वाचली. अशक्त होऊन, आवाज बसून, पण हातपाय हलवत घरी आली. तिच्याबरोबर डायपरची थप्पी आली. बनुबाईनं उरलेली बाळुती गाठोड्यात बांधून पेटीत टाकली. मोनिका आता बाळाला स्वतः न्हाऊ घालायची, प्लास्टिकच्या टबात, घाबरत घाबरत. पोर किंचाळायची. बाहेर ओट्यावर बनुबाई मांडीवर हात ठेवून ऐकत बसायची.

आणि गाव? गावाला काही सांगावं लागत नाही. रामहरीच्या फोनवर बाटलीचा फोटो होताच, बाकीचं लोकांनी आपल्या पदरचं घातलं. बनुबाईला आता दिसत नाही म्हणे. बनुबाईच्या डोक्यात फरक पडलाय म्हणे. निकिता बाळंत होऊन घरी आली आणि न्हाऊ घालायला पलीकडच्या आळीतली केशरबाई जाऊ लागली. बनुबाईच्या दारावरूनच जायची, आणि दारापाशी आली की पाऊल जरा उचलायची. असं कोणी आपल्याला टाळून जाईल, हे बनुबाईच्या कधी स्वप्नात आलं नव्हतं. एका खोट्यानं सूनच दुरावेल असं तिला वाटलं होतं. हात गमवावे लागतील असं वाटलं नव्हतं.

कानिफनाथ आईपुढं बसून जेवेनासा झाला. शेवगावच्या बाजारातून येताना तिच्यासाठी मुद्दाम चुरमुऱ्यांचा भत्ता आणायचा, पुडा तिच्याजवळ ठेवायचा आणि काहीतरी काम काढून निघून जायचा. बनुबाई पुडा न सोडता ओमला देऊन टाकायची. तिला त्याचा राग यायचा, आणि आपण आपल्या हातानंच हे केलं म्हणून स्वतःचा त्याहून जास्त.

एक दिवस सकाळी शिवन्या टबात जी रडायला लागली, ती थांबेचना. मोरीतून मोनिकाचा आवाज आला, "आत्या, इकडं या."

बनुबाई उठून दारात गेली. मोनिका ओल्या पोरीला छातीशी धरून बसली होती. तिचेही डोळे वाहत होते.

"त्या दिवशी तोंडाला कोनी बांधलं हुतं, मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "ते वावरात शिरले तवा मी सैपाकघराच्या दारातनं बघितलं. लाल काठ दिसला. म्हनलं, आत्या धुतीलच पुन्हा."

बनुबाईनं चौकट धरली. "मंग दवाखान्यात का बोलली न्हाईस? गावात माझी एवढी शोभा झाली, तवा बी न्हाई?"

"बोलले असते, तर बघून गप बसले हे बी सांगावं लागलं असतं." मोनिकानं नाक पुसलं. "तुमी त्यांला वाचवलं, आत्या. मी मला वाचवलं."

बनुबाईला आयुष्यात कधी आला नव्हता असा संताप आला. याच पोरीचा संसार मोडू नये म्हणून तिनं आपलं नाव मातीत घातलं होतं, आणि ही सगळं बघून होती. चार खरमरीत शब्द अगदी जिभेवर आले. पण त्यांच्या मागोमाग ती चुरगळलेली टोकंही आली. ती तिनं आपल्याच तळहातानं सरळ केली होती. विचारलं तर तिनंही नव्हतं.

अंगणात कानिफनाथ उभा होता. त्यानं ऐकलं होतं. बनुबाई मागं न वळता म्हणाली, "कानिफा, रामहरीच्या घरी जा. निकिताला, केशरबाईला, समद्यांना खरं काय ते सांगून ये."

मागं चपला घासल्याचा आवाज आला. फाटक वाजल्याचा आवाज काही आला नाही.

पोरीचं अंग गार पडायला लागलं होतं. बनुबाईनं पाट ओढला, लुगडं सारलं आणि पाय लांब केले. "आन इकडं. पानी निवतंय." मोनिकानं पोरीला तिच्या पायांवर ठेवलं, पण हात लगेच काढला नाही. बनुबाईनं तो तसाच राहू दिला. पाण्याची धार पाठीवर पडली तशी शिवन्या हुंदके देत देत शांत झाली.

अंग पुसून झाल्यावर मोनिकानं थप्पीतलं एक डायपर पुढं केलं. बनुबाईनं ते उलटंपालटं करून पाहिलं. मग नाकाशी नेलं आणि बराच वेळ हुंगलं. मोनिकाकडं दिलं, तिनंही हुंगलं.

"कसं लावायचं ते दाव," बनुबाई म्हणाली.