ती ओळ माझी होती

ग्लॅडिसच्या भावाचा, रॉबर्टचा फोन आला तेव्हा मी माणिकपूरला रिक्षाच्या रांगेत उभा होतो. "ग्लॅडिस गेली," तो म्हणाला. "डेंग्यू... पाचव्या दिवशी." मग थोडं थांबून, "चार वाजता चर्चमध्ये मिस्सा आहे, मग माती. येशील ना? ऑफिसातला तिचा म्हणावा असा तूच होतास." ते वाक्य आत रुतलं ते महिना उलटला तरी निघालेलं नाही. गिरीज गावच्या चर्चमध्ये फादर तिच्या कष्टाळूपणाबद्दल बोलले. पण तिचं काम काय होतं आणि ते तिच्याकडून कसं काढून घेतलं गेलं, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं. मी शेवटच्या बाकावर बसून राहिलो.

रुग्णालयांतल्या मॉनिटरना लागणारी ऑपरेटिंग सिस्टिम आमची कंपनी बनवायची. तिचा गाभा म्हणजे कर्नल, आणि त्यातला मेमरी सांभाळणारा भाग ग्लॅडिसचा. नव्याने आलेल्यांना ती समोर बसवून सांगायची, "प्रत्येक प्रोग्रॅमला वाटतं, सगळी मेमरी आपलीच. वाटू द्यायचं. खरी मेमरी थोडीच असते, ती कर्नल वाटतो. दोघांना एकच मजकूर हवा असेल तर एकच प्रत दोघांना दाखवायची. एकाने बदलायला घेतलं की तेवढ्यापुरती वेगळी काढायची. त्या सामायिक तुकड्याला आपण ऑब्जेक्ट म्हणतो. तो किती जण वापरतायत याचा आकडा त्याच्यापाशीच असतो. शून्य झाला की मेमरी मोकळी, दुसऱ्याला द्यायची." मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणायची, "आणि एकदा जरी जास्तीचं वजा केलंत ना, तर एक जण वापरत असतानाच त्याची जागा तुम्ही दुसऱ्याला देऊन टाकलीत."

नेमकं तेच झालं. चाचणीत यंत्र सलग आठ दिवस चालल्यावर चौथ्या खाटेची नाडी सातव्या खाटेच्या नावाखाली दिसायला लागली. दोन आठवडे खोदकाम करून ग्लॅडिसने कोडमधली चुकीची ओळ शोधली. एक ऑब्जेक्ट सोडताना आकडा दोनदा कमी होत होता. तिने मला बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. ओळ माझी होती. तिचे वडील शेवटच्या आजारात असताना ती आठवडाभर घरी होती. काम अडू नये म्हणून तिने मला तिच्या मशीनवर, तिच्याच लॉगिनने बसवलं होतं. त्यामुळे कोडच्या नोंदीत नाव तिचं. "चूक कुणाचीही होते, निलेश," ती म्हणाली. "उद्या मीटिंगमध्ये तूच सांग. मी सांगितलं तर चुगली होईल."

ओळ माझी आहे हे मी सांगितलं नाही. माझ्या बढतीचं पत्र साहेबांच्या टेबलावर होतं, एवढंच कारण. साहेब म्हणाले, "आठ दिवस सलग यंत्र कोण चालवतं? आत्ता जाऊ दे, दुरुस्ती पुढच्या खेपेला." ग्लॅडिसने मंजुरीवर सही करायला नकार दिला. मग कागद माझ्यापुढे सरकवला गेला आणि मी सही केली.

पुढे एका रुग्णालयात तेच घडलं. एका नर्सला शंका आली, तिने स्वतः नाडी धरून पाहिली, म्हणून पेशंट वाचला. चौकशी बसली. ग्लॅडिसला विचारलं गेलं, "ही ओळ तुमची?" ग्लॅडिसने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे. "नोंदीत माझं नाव आहे," ती म्हणाली... बस्स, तेवढंच. तारीख पाहिली असती तर त्या आठवड्यात ती रजेवर होती हे कुणालाही कळलं असतं. कुणी पाहिली नाही. कुणाला पाहायची नव्हती. तिला काढलं. पंधरा दिवसांनी तिची मेल आली: दुरुस्त केलेला कोड आणि खाली एक वाक्य, "हे लावा, समोर आजारी माणसं आहेत." मी ते लावलं. माझ्या नावाने. टाळ्यासुद्धा मिळाल्या.

मातीनंतर रॉबर्टने मला वाडीतल्या घरी नेलं. त्याच्या आईने चहा दिला. कप हातात असतानाच तो मला ग्लॅडिसच्या खोलीत घेऊन गेला. "हे बघ. हे ती बंद करू द्यायची नाही. वीज गेली तरी चालावं म्हणून इन्व्हर्टर लावून घेतला. काय आहे हे?" टेबलावर एक जुनं मशीन चालू होतं. पडद्यावर खोट्या खाटा, खोट्या नाड्या, आणि आमचीच सिस्टिम. सलग दोनशे चौदा दिवस. खाली लिहिलं होतं, चुका: शून्य. हे तिला कुणीही करायला सांगितलं नव्हतं.

"तुला यातलं कळतं ना?" रॉबर्ट म्हणाला. "बंद कर बाबा. आईला ही खोली हवीय."

माझा मोकळा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "रॉबर्ट, तिला ज्या चुकीसाठी काढलं ना... ती माझी होती."

त्याला आधी कळलं नाही. मी सगळं सांगितलं, सहीसकट. त्याची आई दारात येऊन उभी राहिली होती.

"ग्लॅडिसला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो. पहिल्या दिवसापासून."

रॉबर्टने माझ्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा तसाच होता.

"मशीन राहू दे चालू," तो म्हणाला. "तू नीघ."