कुलूप लावलेल्या खोलीतली गिटार

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, पण खरं सांगायचं तर चहाबरोबर तोंडी लावायला. वाचता वाचता मनात कारण शोधायचं — वारा असेल, उंदीर असेल, बाईची झोप झाली नसेल — आणि पान उलटायचं. आमच्या घरात साधी दृष्टसुद्धा कुणी काढली नाही. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसल्यावर जरा अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं... आणि मी एकटीच नव्हते.

मी बँकेत होते. प्रमोशनवर बदली झाली ती थेट बनारसला. ओळखीतून ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत एका मराठी घरात खोली मिळाली. घरात दोघंच — काकू आणि त्यांचा मुलगा शेखर. काकूंचे यजमान वेदपाठशाळेत शिकवायचे, ते वारले होते. काकूंचं मराठी ऐकायला मजा यायची. "मीनल, सब्जी झाली आहे, पण रोट्या अजून बाकी आहेत, जरा रुक." शेखर तिशीचा, शाळेत गणित शिकवायचा. आईशी मराठी, बाकी सगळ्यांशी हिंदी, आणि माझ्याशी बोलताना दोन्हीची भेळ.

राहायला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आले तर वरच्या मजल्यावर बैठक चाललेली. कुणीतरी सूर वाजवतंय, कुणी खालच्या पट्टीत साथ करतंय, आणि कुणीतरी लाकडावर ठेका धरलाय. काकूंना म्हटलं, पाहुणे आलेत वाटतं, किती जणांचा चहा टाकू? काकू हसायलाच लागल्या. म्हणाल्या, वर जाऊन बघ.

वर शेखर एकटा होता. मांडीवर गिटार, आणि दुसरं काही नाही.

गिटार म्हणजे गाण्याच्या मागे झंकझंक, एवढीच माझी समज होती. याचा अंगठा जाड तारांवर स्वतंत्र चालत होता, बोटं बारीक तारांवर सूर काढत होती, आणि मधूनच तळव्याची कड गिटारीच्या लाकडावर पडून ठेका वाजत होता. तीन माणसांचं काम एक हात करत होता, आणि चेहरा असा की जणू भाजी निवडतोय! उजव्या हाताची नखं वाढवलेली — तार छेडायला लागतात म्हणे. त्यावरून काकू कुरकुरायच्या, वेदमूर्तींच्या मुलाची ही नखं बघून लोक काय म्हणतील. पण तो वाजवायला लागला की त्या गॅस बारीक करायच्या, हे मी पाहिलंय.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी त्याच्या दारातल्या पायरीवर बसायला लागले. दिवसभर कॅशची आणि माणसांची कटकट, आणि मग ते. त्याची स्वतःची एक धून होती, नाव न दिलेली. संथ सुरू व्हायची, दाट पाण्यातून होडी निघावी तशी. मग अंगठा वेग घ्यायचा, वरचे सूर त्याच्यापासून सुटे व्हायचे, लांब जायचे... आणि एका जागी येऊन तो थांबायचा. दरवेळी त्याच जागी. लाकडावर थाप मारून हसायचा. "बस, यहीं तक आता है, ताई. इसके आगे रास्ता ही नहीं मिलता."

महिनोन् महिने तो तिथेच अडकला होता. मला तर त्या जागेची धास्तीच बसली होती. धून तिथवर यायला लागली की मी पायरीची कड घट्ट धरायचे.

आता त्या दिवसाचं सांगते.

थंडीचे दिवस, रविवारची सकाळ. अहिल्याबाई घाटावर कार्यक्रम होता आणि शेखरला तिथे वाजवायचं होतं. तो गिटार घेऊन लवकर निघाला. निघताना खोलीला कुलूप लावून किल्ली काकूंकडे दिली. आमच्याकडे माकडांचा उच्छाद, उघडी खोली दिसली की संपलंच. खिडकीलाही त्यासाठीच जाळी ठोकलेली. धुकं इतकं की तो गल्लीच्या वळणापर्यंतही दिसला नाही. आम्ही दोघी आवरून मागाहून जाणार होतो.

मी खाली केस विंचरत होते. वरून गिटार ऐकू आली.

पहिल्यांदा काहीच वाटलं नाही — रोजचाच आवाज. मग हात थांबला. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, हाताला कणीक तशीच. माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाल्या, "तो तर गेला ना? मग हे कौन बजा रहा है?"

मी म्हटलं, परत आला असेल. पण खालचं दार आतून लावलेलं होतं, तो गेल्यावर मीच लावलेलं. आम्ही वर गेलो. खोलीचं कुलूप जसंच्या तसं, आणि दाराच्या आत ती धून चाललेली. टेप नव्हे, रेडिओ नव्हे. नख तारेवरून निसटल्याचा बारीक आवाजसुद्धा येत होता. लाकडावरची थाप दाराच्या फळीत जाणवत होती. मी तळहात टेकवून पाहिला.

ती अडणारी जागा आली. मी नकळत डोळे मिटले.

आणि धून पुढे गेली.

काय सांगू... माझ्या अंगावर भीतीने काटा होता, आणि तरीही मला ते थांबायला नको होतं. इतकं सुंदर मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. सुटे झालेले सूर एकेक करून परत अंगठ्याकडे यायला लागले. आता शेवट येणार हे मला कळत होतं. मी काकूंचा हात धरला, थांबा म्हणाले. त्यांनी हात झटकला, कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

दार ढकललं आणि आवाज मधेच तुटला. आत कुणी नव्हतं. त्याचं स्टूल, नखं घासायची कानस, भिंतीवर वडिलांचा फोटो. गिटार त्याच्याकडे एकच होती आणि ती तो घेऊन गेला होता.

काकूंनी चप्पल घातली आणि म्हणाल्या, "चल."

शेखरचा मोबाइल बंद लागत होता. होडीने लवकर पोचू म्हणून आम्ही पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरलो, तर खाली नदीच दिसेना, नुसत्या मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या हाका. धुक्यात नाव सोडणार नाही म्हणाले. पुन्हा वर येऊन गल्ल्यांतून निघालो. काकूंचे गुडघे दुखायचे, पण त्या दिवशी त्या पुढे आणि मी मागे. मी सारखी बडबडत होते — काही नसेल, शेजारी कुणी वाजवत असेल. त्या आणखी झपाझप पाय उचलत होत्या. मणिकर्णिकेच्या बाजूला गल्ली अरुंद होते. समोरून तिरडी आली, तिच्यामागे दुसरी. आम्हाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. काकूंनी तोंड भिंतीकडे केलं आणि माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. तेव्हा मी बोलायची थांबले.

अहिल्याबाई घाटावर मंडप होता, माइक तपासणं चाललं होतं. धुक्यामुळे कार्यक्रम सुरूच झाला नव्हता. शेखर कुठेय विचारलं तर एकाने खाली बोट दाखवलं. "वो उधर बैठे हैं, ध्यान में. हमने डिस्टर्ब नहीं किया."

सगळ्यांपासून दूर, खालच्या पायरीवर तो नदीकडे तोंड करून बसला होता. अंगावर शाल, मांडीवर गिटार. काकूंनी खांद्यावर हात ठेवला. "शेखर, घरी चल बाळा."

त्याने मान वळवली. चेहऱ्याची एक बाजू हलली, दुसरी तशीच राहिली. उजवा हात मांडीवरून घसरून खाली लोंबला.

लकवा. तिशीच्या मुलाला. पुढची धावपळ मला तुकड्यातुकड्यानेच आठवते... लोकांनी उचलून नेलं, रिक्षा, हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता. कार्यक्रम सुरू होईपर्यंत त्याला कुणी हलवलंही नसतं.

तो वाचला. वाचा काही आठवड्यांनी परत आली. हात मात्र हळूहळू. नीट बोलायला लागल्यावर आम्ही त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तो म्हणेल की मी तिथे बसून मनात तीच धून वाजवत होतो. पण तो म्हणाला, काहीच नव्हतं. हात जड झाला, मग डोकं कोरं. सूर नाही, विचार नाही, भीतीसुद्धा नाही.

मग त्याने विचारलं, "ताई, आगे कैसे गया? गाके सुनाओ ना."

मला ते सगळं पाठ होतं. आजही आहे. मी तोंड उघडलं, तर पलंगाच्या कडेला बसलेल्या काकू म्हणाल्या, "नको, मीनल."

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला सांगितलं. मला वाटत होतं त्या धुनेने आम्हाला बोलावलं, म्हणून तो वाचला. त्यांना तसं वाटत नव्हतं. त्या म्हणाल्या, "तो निघाला होता. ते पुरं झालं असतं तर गेला असता. मी दार उघडलं म्हणून रुकला. तू त्याला पुढचं देऊ नकोस." मी विज्ञान शिकलेली बाई... पण त्या माउलीला मी शब्द दिला. शेखरलाही स्पष्ट सांगितलं की तुझ्या आईला शब्द दिलाय. तो चिडला, चार दिवस बोलला नाही. मग त्याने विचारणं सोडलं.

मी माझ्या परीने शोध केला. समोरच्या घरातल्या भाभीला विचारलं, तर ती सहज म्हणाली, हां, सुबह बजा रहे थे, रोज ही तो बजाते हैं. म्हणजे तिनेही ऐकलं होतं. आसपास दुसरी गिटार कुणाकडे नव्हती. शेखरने ती धून कधी रेकॉर्ड केली नव्हती, आणि पुढचा भाग तर त्यालाच माहीत नव्हता.

माझी बदली झाली, मग रिटायरमेंट. फोन चालू राहिले. शेखरची बोटं बरीच सुधारली, तो पुन्हा वाजवायला लागला, पूर्वीच्या निम्म्यानेही नाही, पण लागला. आणि गेल्या महिन्यात दुपारी त्याचा फोन आला. आवाजातच आनंद. "ताई, रास्ता मिल गया. सुनो."

नको म्हणायचं होतं. पण त्याने फोन खाली ठेवून सुरुवातही केली होती. मी ओट्याला धरून उभी होते. संथ सुरुवात, अंगठ्याचा वेग, सुटणारे सूर... ती जागा आली. आणि तो पुढे गेला.

वेगळंच होतं ते. साधं, छोटं, दोन वळणांत घरी येणारं. शेवटची थाप पडली आणि मग पलीकडे काकूंचा आवाज — झालं का रे, जेवायला चल.

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच खाली बसले. आणि खोटं कशाला सांगू... जरासं वाईटही वाटलं.

त्याला सापडला तो शेवट हा. मग त्या सकाळी बंद दाराआडचा आम्ही अर्धाच ऐकला, तो कुणाचा होता? मला आजही माहीत नाही. काकूंनी दार थोडं उशिरा उघडायला हवं होतं असं कधी कधी वाटून जातं, आणि मग माझीच मला भीती वाटते.