सुनेचा हात कधी दुखलाच नव्हता

माझ्या सुनेचा हात कधीच दुखत नव्हता. आमच्या गावात आजही वेगळंच सांगतात, आणि ते पसरवणारा मी.

दुष्काळाचं वर्ष होतं. मी दूध संस्थेचा चेअरमन. घरामागच्या माळावर संस्थेची चारा छावणी होती, माणसं जनावरांजवळच मुक्कामाला. सून लग्नाआधी भावाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. सासरी येताना गिटार आणि स्पीकर दोन्ही घेऊन आली होती. एके दुपारी मी तिला म्हणालो, "लोक वैरणीच्या रांगेत आणि चेअरमनच्या घरात वाजंत्री? बरं दिसत नाही."

"बरं मामा," ती म्हणाली. आठवड्यानं बीडहून काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी घेऊन आली. गिटारला स्पीकरची वायर लागते तिथं ती खोचायची आणि डबीला हेडफोन लावायचा. सगळा आवाज तिच्या कानात, बाहेर फक्त तारांची बारीक खुडबुड. वीज गेली तरी चालायची. मी खूश.

पण दुपारी छावणीतल्या बाया आमच्या ओसरीवर सावलीला यायच्या. त्यांना दिसायचं ते असं : सुनेचे डोळे मिटलेले, मान डुलतेय, बोटं पळताहेत, आणि आवाज काही नाही. एका म्हातारीनं मला गाठलं.

"चेरमन, सूनबाईला काय झालं वो? वाजवती, पर वाजत न्हाई."

दुष्काळात चेअरमनच्या सुनेनं चैनीची वस्तू आणली, असं बोललं जाईल याची मला धास्ती. तोंडातून निघून गेलं, "हाताला मुंग्या येतात तिच्या. डॉक्टरनं बोटांचा व्यायाम सांगितलाय."

संध्याकाळपर्यंत सगळ्या छावणीला कळलं. म्हातारीनं माझ्याकडं करंजाचं तेल आणून दिलं; वाजवून बोटं शिणतात म्हणून आजीनं पाठवलंय, असं मी सुनेला सांगितलं. टँकर आला की बाया सुनेच्या हातातली घागर ओढून घ्यायच्या. सुनेला वाटायचं, माया आहे. मला आतून हसू यायचं.

मग बायांनी स्वतःची दूध संस्था काढायचं ठरवलं. सचिवाची जागा सुनेला मनापासून हवी होती. फॅट तपासणं, हिशेब, सगळं ती संकलन केंद्रावर बसून शिकली होती. मारुतीच्या देवळात बैठक बसली. मला मान म्हणून बोलावलं होतं.

"पोरगी लई हुशार हाय," एक बाई म्हणाली, "पर हात असला. रोज कॅन उचलायचे, आन् मुंग्या आल्या तर?"

दुसरं नाव पुढं आलं. सुनेनं चमकून माझ्याकडं पाहिलं. तिला तिथंच सगळं उमगलं असावं. माझं एक वाक्य पुरलं असतं. मी सतरंजीच्या दशा मोजत बसलो.

ती उठली, घरी गेली आणि गिटार, डबी, हेडफोन घेऊन परत आली. पुढंच बसलेल्या म्हातारीच्या डोक्यावर पदरावरूनच हेडफोन चढवला आणि वाजवायला लागली.

"अगं बया!" म्हातारी केवढ्यांदा ओरडली, कानात आवाज असल्यानं तिला आपला आवाज कळेना. "ह्याच्यात आख्खी वरात हाय की!"

मग काय, बैठक राहिली बाजूला. हेडफोनसाठी झोंबाझोंबी. "सरक की गं, तुजं झालं न्हवं का!" सगळ्यांचं ऐकून झाल्यावर त्याच बाईनं विचारलं, "मग हाताचं कशापायी सांगितलं?" सगळ्या माझ्याकडं वळल्या.

"दुखत होता ना," सून म्हणाली. "आजीच्या तेलानं बरा झाला."

म्हातारी ताठ बसली. सून सचिव झाली. पुढं त्या तेलासाठी पार आष्टीकडून माणसं यायची, आणि म्हातारी प्रत्येकाला सुनेचा हात दाखवायला आमच्या दारात आणायची. सून हसत हात पुढं करायची. म्हातारी होती तोवर मला खरं सांगवलं नाही. आता ती नाही, म्हणून लिहितोय.

त्या दिवशी देवळातून परतताना मी कसंबसं म्हणालो, "माझ्यापायी तुला खोटं बोलावं लागलं."

"तुम्हाला त्या बायांच्या तावडीत कुठं सोडू?" ती म्हणाली. "पण मामा, उद्यापासून मी स्पीकर लावणार."

"लाव बाई. फक्त वैरण वाटायच्या वेळी नको."

"त्याच वेळी लावणार," ती म्हणाली, आणि भराभरा पुढं चालू लागली.