वजनकाट्यावरचा माणूस

दवनीवाड्याच्या एका राईस मिलमध्ये तो वजनकाट्यावर बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. धानाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की आधी दुपट्ट्याने स्क्रीन पुसायचा, मगच आकडा मोठ्याने वाचायचा.

वजनाची पावती काढणारं सॉफ्टवेअर माझं होतं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. ते एकटीने लिहिलं आणि त्याची किंमत मान वर करून सांगितली. कोणी फुकट कॉपी करू नये म्हणून त्याला कुलूप घातलं होतं. ज्या संगणकासाठी पैसे दिले, त्याच्यावरच ते चालायचं.

ऐन हंगामात मिलचा संगणक जळाला आणि नव्यावर ते उघडेना. मी गोंदियाहून पोचले तेव्हा फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग होती. तो जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलने वजनं लिहीत होता. एक शेतकरी ओरडला, "पावती कायले नाही देत बे? काटा मारून राहिला का?"

त्याने मान वर केली नाही. मला म्हणाला, "मॅडम, बाजूच्या मिलमधी तुमची कुलूप तोडलेली चोरीची कॉपी मस्त चालून राहिली. आमी इकत घेतली, त लोक मलेच चोर म्हणून राहिले."

मी तिथेच बसून कुलूप काढलं. ते आजवर परत घातलं नाही. किंमत मात्र तीच ठेवली.

त्याने त्या शेतकऱ्याचाच ट्रॅक्टर पुन्हा काट्यावर घेतला. छापील आकडा पेन्सिलच्या आकड्याइतकाच आला. पावती शेतकऱ्याच्या हातात दिली. स्क्रीन पुसली आणि पुढच्याला हात केला.